केस स्टडी लिहिताना वाचकाला नेमकं काय काय सांगायचं? (व्यवस्थापन, पीएचडी)

मुलुंडची_मैना

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून व्यवस्थापन शाखेत पीएचडी करते आहे. विषय घाऊक व्यापारातल्या कौटुंबिक पेढ्यांचा: तिसरी पिढी गादीवर बसली की खरेदी-विक्रीचे आणि उधारीचे निर्णय कसे बदलतात. केस, म्हणजे खोलात अभ्यासायची उदाहरणं, म्हणून तीन पेढ्या घेतल्या आहेत. एक मशीद बंदरची, एक भुलेश्वरची आणि एक बाजारासोबत वाशीला गेलेली. मुलाखती झाल्या, कागदपत्रं पाहून झाली, कोडिंगही (मुलाखतींच्या मजकुराला विषयवार खुणा लावणं) उरकलं. अडलंय ते लिहिण्यापाशी.

प्री-सिनॉप्सिसला, म्हणजे प्रबंधाचा सारांश देण्याआधीच्या सादरीकरणाला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोनच प्रश्न विचारले. तीनच का? आणि हे सगळं तुमच्या मनचं नाही हे कशावरून? गाईड म्हणाले, "रिपोर्टिंग घट्ट करा." घट्ट म्हणजे काय करायचं, ते काही सांगितलं नाही.

माझी बहीण डॉक्टर आहे. त्यांच्याकडे एखाद्या रुग्णाची केस छापायची तर 'केअर' नावाची १३ मुद्द्यांची यादी आहे, २०१३ पासून. एकेका मुद्द्यावर खूण करत जायचं. आपल्याकडे असं काही आहे का? असेल तर माझा निम्मा ताप जाईल.

खाऊगल्ली

वाखू (वाचनखूण) साठवली. आमचंही हेच रडगाणं आहे.

निवृत्त_मास्तर

मैनाताई, सगळ्यांनी मान्य केलेली, सक्तीची अशी यादी व्यवस्थापनात नाही. तुमच्या बहिणीची 'केअर' ही रुग्णाच्या केसपुरती. मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनासाठी वैद्यकातच वेगळी यादी आहे, 'कोरेक' नावाची, २००७ ची, ३२ मुद्द्यांची. ती मात्र जरूर चाळा. मुलाखत कोणी घेतली, आधीची ओळख होती का, त्या वेळी खोलीत आणखी कोण बसलं होतं, असले प्रश्न आहेत त्यात. पेढीवरच्या मुलाखतींना तर हे फारच लागू. काका समोर असताना पुतण्या काय बोलतो आणि काका जेवायला उठल्यावर काय बोलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडे यादीऐवजी घराणी आहेत. रॉबर्ट यिन यांचं केस स्टडीवरचं पुस्तक १९८४ चं, सहावी आवृत्ती २०१८ ची. तिथे आराखडा आधी पक्का करायचा आणि पुरावा त्यावर तपासायचा. कॅथलीन आयझेनहार्ट यांचा लेख १९८९ चा. त्या अनेक केस शेजारी ठेवतात आणि त्यांतून सिद्धान्त उभा करतात. डेनिस जिओया आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा. ते माणसं स्वतःच्या शब्दांत काय म्हणाली तिथून सुरुवात करतात, वर संशोधकाच्या संकल्पना चढवतात. तिघांच्या लेखनात वाचकाला सांगायच्या गोष्टी वेगळ्या. पण आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत पद्धतीच्या प्रकरणात तिघांचीही नावं एकाच परिच्छेदात येतात आणि पुढच्या दोनशे पानांत कोणाचंच ऐकलेलं नसतं. माझ्या मनात पाल चुकचुकायची ती तिथेच.

'तीनच का' याचं उत्तर याच्यावरच ठरतं. आयझेनहार्टबाईंच्या मते चार ते दहा केस साधारण बऱ्या. चारपेक्षा कमी असतील तर गुंतागुंतीचा सिद्धान्त बांधणं कठीण, मात्र एका केसच्या पोटात छोट्या छोट्या केस असतील तर गोष्ट वेगळी, अशी पुस्तीही त्या जोडतात. यिन म्हणतात, सारखाच निकाल अपेक्षित असेल तर दोन-तीन केस पुरतात. ठरावीक कारणाने वेगळा निकाल अपेक्षित असेल तर आणखी घ्याव्या लागतात. तेव्हा तिन्ही पेढ्या सारख्या म्हणून घेतल्या की वेगळ्या म्हणून, हे पहिल्या पानांतच लिहा. आणि 'केस' म्हणजे पेढी, की पिढीबदल, की एकेक निर्णय? हे ठरलं नसेल तर बाकीचं घट्ट करून उपयोग नाही. एकेक उधारीचा निर्णय धरलात तर कदाचित तीन पेढ्यांत पंधरा-वीस केस निघतील.

आकडेशास्त्री

तीन दुकानं बघायची आणि वर 'घाऊक व्यापारातल्या कौटुंबिक पेढ्या' असं शीर्षक द्यायचं? तीनशे प्रश्नावल्या भरून घ्या, रिग्रेशन (आकड्यांतले संबंध मोजायचं गणित) लावा आणि मोकळ्या व्हा. केस स्टडी म्हणजे सजवलेली गोष्ट. तिच्या लेखनाचे नियम शोधणं म्हणजे लग्नाच्या व्हिडिओला ऑडिट लावणं.

दुसरा_परीक्षक

आकडेशास्त्री, शीर्षकाबद्दल तुम्ही बरोबर आहात. "तीन पेढ्यांचा अभ्यास" हे शब्द शीर्षकातच हवेत.

बाकी मुद्दा जुना आहे. बेंट फ्लिव्हबियर्ग यांनी २००६ मध्ये केस स्टडीबद्दलचे पाच गैरसमज मोडून काढले, त्यात 'एका केसवरून सामान्य विधान करता येत नाही' हाही आहे. केसवरून अख्ख्या समूहाच्या टक्केवारीकडे जायचं नसतं, सिद्धान्ताकडे जायचं असतं. "मुंबईतल्या ६० टक्के पेढ्यांत असं होतं" हे मैना यांना म्हणताच येणार नाही. "हिशेब संगणकावर गेला की उधारी द्यायचा अधिकार थोरल्याच्या हातून निसटतो, आणि तो या मार्गाने निसटतो" हे म्हणता येईल. मग तुम्ही तीनशे प्रश्नावल्यांत ते तपासा, कोणी अडवलंय?

निकोलाय सिगेलकोव यांचा २००७ चा छोटा लेख आहे, त्यात त्यांनी मेंदूविज्ञानी व्ही. एस. रामचंद्रन यांचं उदाहरण उचललं आहे. कोणी बोलणारं डुक्कर घेऊन आलं तर "एकच आहे, आणखी आणा" असं आपण म्हणत नाही. मात्र ते खरंच बोलणारं असायला हवं. आपल्याकडे बरेच जण साधं डुक्कर आणतात.

आणि 'गोष्ट' ही शिवी समजू नका. १९९१ मध्ये डायर आणि विल्किन्स यांनी आयझेनहार्ट यांनाच सुनावलं होतं की दहा केसच्या तक्त्यांपेक्षा एक नीट सांगितलेली खोल केस जास्त शिकवते. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

चर्चगेट_स्लो

अवांतर वाटेल, पण आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण कोणी घेत कसं नाही? डबेवाले! व्यवस्थापनाच्या वर्गात मुंबईचं नाव निघालं की पहिली स्लाइड त्यांची. १८९० पासूनचं काम, १९५६ मध्ये ट्रस्ट म्हणून नोंदणी, झाकणावरच्या खुणा, सगळं खरं. आणि मग येतं ते वाक्य: "१ कोटी ६० लाख डब्यांत एक चूक, सिक्स सिग्मा प्रमाणपत्र." (सिक्स सिग्मा म्हणजे चुका जवळजवळ शून्यावर आणायची उद्योगांतली पद्धत.)

हा आकडा आला कुठून? १९९८ मध्ये 'फोर्ब्स'च्या वार्ताहराने संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, चुका किती होतात? ते म्हणाले, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादी होत असेल. वार्ताहराने गुणाकार केला. रोजचे पावणेदोन लाखांच्या आसपास डबे, दोन महिन्यांचे कामाचे दिवस, म्हणजे ८० लाखांत एक चूक. रिकामा डबा परतही जातो म्हणून दुप्पट, १ कोटी ६० लाख. छापून आला तो हा आकडा. 'सिक्स सिग्मा' हा शब्द आपण वापरलाच नव्हता आणि मासिकाने असलं काही प्रमाणपत्र दिलेलं नाही, हे त्या वार्ताहराने पुढे स्पष्ट केलं. तोवर प्रमाणपत्र सगळीकडे पोचलं होतं. आजही शोधनिबंधांत ते सापडतं, खाली दुसऱ्या निबंधाचा संदर्भ, त्याच्या खाली तिसऱ्याचा, आणि तळाशी एका माणसाचं एक अंदाजाचं वाक्य.

डबेवाल्यांचं कौतुक मलाही आहे, त्यांच्या कामात यामुळे काही उणं होत नाही. प्रश्न लिहिणाऱ्यांचा आहे. 'चूक' कशाला म्हणायचं? डबा हरवला ती चूक, बदलला ती चूक, की सव्वाबाराऐवजी पाऊण वाजता पोचला तीही? मोजलं कोणी? नोंदवही होती का? ज्यांचा डबा बदलला त्यांना कोणी विचारलं का? मेगाब्लॉकचा किंवा २६ जुलैसारखा दिवस त्यात धरला का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर निबंधात नसतं. यिन यांच्या भाषेत पुराव्याची साखळी म्हणतात ती हीच. निष्कर्षावर बोट ठेवलं की वाचकाला मागे मागे जात मूळ टिपणापर्यंत पोचता आलं पाहिजे. इथे पोचलो तर गुणाकार सापडतो.

मैनाताई, तुमच्या प्रबंधातलं प्रत्येक ठळक वाक्य असं उलटं चालून बघा. परीक्षकाचा दुसरा प्रश्न तोच आहे.

आकडेशास्त्री

म्हणजे माझ्या बाजूचा आकडा पडला, आणि पाडला केस स्टडीच्या नियमाने. बरं आहे. वाचतोय.

दुसरा_परीक्षक

चर्चगेट_स्लो +१. याला एक पुरवणी. गिबर्ट, रुइग्रोक आणि विकी यांनी २००८ मध्ये व्यवस्थापनाच्या दहा नामांकित नियतकालिकांतले १९९५ ते २००० मधले १५९ केस अभ्यास तपासले. लेखक कशाबद्दल जास्त लिहितात? निष्कर्ष इतरत्र लागू होतील का याबद्दल. कशाबद्दल कमी? जे मोजायचं म्हणता तेच मोजलं का, आणि 'अमुक झाल्यामुळे तमुक झालं' हे कशावरून, याबद्दल. म्हणजे डबेवाल्यांच्या बाबतीत जे राहतं, तेच भल्याभल्यांचंही राहतं. सगळे 'तीनच का'ला घाबरतात आणि 'चूक म्हणजे काय' हे सांगायचं विसरतात. तुमच्या बाबतीत 'निर्णय बदलला' म्हणजे काय? थोरल्याने सही करणं बंद केलं, की सही तोच करतो पण आधी मुलाला विचारतो? व्याख्या द्या, आणि तिन्ही पेढ्यांत तीच ठेवा.

मुलुंडची_मैना

सगळ्यांचे आभार. निर्णय हाच केसचा घटक धरावा असं वाटू लागलंय.

एक अडचणीचा प्रश्न. मशीद बंदरची पेढी सासऱ्यांच्या ओळखीने मिळाली. वाशीची त्या पेढीवाल्यांनी फोन करून दिली. पद्धतीच्या प्रकरणात मी "सहेतुक नमुना निवड" (म्हणजे अभ्यासाच्या हेतूला साजेशा पेढ्या मुद्दाम निवडल्या) एवढं लिहिलंय, गाईडना ते चालतंय. ओळखीचं लिहिलं तर परीक्षक हसतील ना?

दुसरा_परीक्षक

हसणार नाहीत. न लिहिता तोंडी परीक्षेत बाहेर आलं तर मात्र भुवया वर जातील. मुंबईत पेढीवर अनोळखी माणसाला कोण वह्या दाखवतं? सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ओळखीने दार उघडलं हे एक वाक्य. दार उघडल्यावर हीच पेढी का ठेवली, निकषात ती कशी बसली, हे दुसरं. आणि ओळखीमुळे काय बोललं गेलं नसेल, हे तिसरं. सासऱ्यांच्या स्नेह्याने सुनेला भावाभावांतला वाद कितपत सांगितला असेल? या तिसऱ्या वाक्याने तुमचा प्रबंध कमकुवत होत नाही, वाचकाला वजन कुठे टाकायचं ते कळतं.

ज्यांनी नाही म्हटलं त्यांचंही लिहा. ते कोणीच लिहीत नाही.

अगिनिस आणि सोलारिनो यांचा २०१९ चा लेख वाचा. मालक, संचालक अशा वजनदार लोकांच्या मुलाखतींवर आधारलेले ५२ लेख त्यांनी पारदर्शकतेच्या १२ निकषांवर तपासले. समाधानकारक म्हणावा असा एकही निघाला नाही. हे सगळे एकाच मोठ्या नियतकालिकातले, बरं का. तुम्ही यादी मागत होतात ना? तुमच्या कामाला सगळ्यात जवळची यादी ही. पण ती खुणा करायला वापरू नका. प्रत्येक निकषापुढे "माझ्या वाचकाला याची गरज आहे का" हा प्रश्न ठेवा.

हिशेबतपासनीस

मी सीए, संशोधक नाही, पण कागदांबद्दल बोलतो. 'कागदपत्रं पाहून झाली' हे वाक्य प्रबंधात असेल तर काढा. कोणते कागद, कोणत्या वर्षांचे, मूळ की झेरॉक्स, तुम्ही स्वतः पाहिले की मुनीमजींनी वाचून दाखवले, हे लिहा.

पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ताळेबंद सरकारी पोर्टलवर फी भरून कोणालाही मिळतो. एलएलपीलाही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) वार्षिक विवरण भरावं लागतं. साध्या भागीदारी किंवा मालकी पेढीचं मात्र असं काही सार्वजनिक नसतं, तिथे तुम्ही मालकाच्या शब्दावर आणि त्याने दाखवलेल्या टॅलीवर (हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून. तीन पेढ्यांत हा फरक असेल तर तिन्ही ठिकाणचा 'उलाढाल दुप्पट झाली' हा पुरावा एका वजनाचा नाही. तक्त्यात शेजारी शेजारी ठेवलात तर तसा दिसतो, हीच गोम.

तारखांचंही तसंच. व्यापारी साल सांगत नाही. "बाजार वाशीला गेला तेव्हा", "नोटबंदीच्या आधी", "जीएसटी लागला त्या दिवाळीला" असं सांगतो. नोटबंदी ८ नोव्हेंबर २०१६, जीएसटी १ जुलै २०१७, हे दोन खिळे पक्के आहेत. पण माणसं या दोघांची सरमिसळ करतात. पोराने सॉफ्टवेअर आणलं ते नोटबंदीमुळे की जीएसटीमुळे, यावर तुमचं कारण-परिणामाचं सगळं विवेचन टांगलेलं असणार. सॉफ्टवेअरच्या पहिल्या बिलाची तारीख बघा.

निवृत्त_मास्तर

तपासनीस, हे सोनं आहे. यिन यांना जे पर्यायी स्पष्टीकरण म्हणायचंय ते हेच. पिढी बदलली म्हणून निर्णय बदलले, की कायदा बदलला म्हणून? तरुण मालक नसता तरी जीएसटीने हिशेब संगणकावर आणलाच असता. ही शंका परीक्षकाने काढण्याआधी तुम्हीच काढा आणि तिला पुरेशी पानं द्या, एका वाक्यात झटकू नका.

तिसरी_पिढी

बरेच दिवस नुसता वाचक होतो, या धाग्यावर राहवलं नाही. मी तुमच्या 'केस'मधला माणूस आहे. आमची पेढी, आडनाव आणि धंदा सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आमच्यावर प्रबंध लिहिला. नाव बदललं होतं, 'पेढी ब'. पण धंदा खरा, गल्ली खरी, स्थापनेचा दशक खरा, आणि "दोन भावांपैकी धाकटा परदेशात शिकून आला" हेही खरं. आमच्या धंद्यात त्या गल्लीत असं घर एकच. पान उघडल्या उघडल्या अख्ख्या बाजाराला कळलं. वर "पेढी ब मधील काका" यांचं चुलतभावाबद्दलचं एक वाक्य अवतरणात, जसंच्या तसं. पुढचा गणपती आम्ही दोन घरांत बसवला.

मुलगा वाईट नव्हता, संमतीपत्रावर सह्या घेतल्या होत्या. पण सही करताना आम्हाला वाटलं, हे कॉलेजच्या कपाटात राहणार. ते इंटरनेटवर जाणार हे कोणी सांगितलंच नाही.

निवृत्त_मास्तर

वाईट वाटलं वाचून. पीएचडीचे प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहावर, चढतात, कुठूनही शोधता आणि उतरवता येतात. संमतीपत्रात हे स्पष्ट, पेढीवाल्यांना कळेल अशा भाषेत हवं.

नाव झाकलं की ओळख झाकली असं होत नाही. ओळख पटते ती तपशिलांच्या बेरजेतून. मैनाताई, प्रत्येक पेढीचे वाचकाला दिसणारे तपशील एका कागदावर लिहा आणि त्या बाजारातल्या माणसाच्या नजरेने वाचा. मग सिद्धान्ताला ज्याची गरज नाही ते धूसर करा. माल हिंगाचा की वेलचीचा याने तुमच्या मुद्द्याला फरक पडत नसेल तर 'किराणा माल' लिहा. पण किती भाऊ, कोण शिकलेला, गादी कधी बदलली, यावरच विवेचन उभं असेल तर ते बदलता येत नाही. बदललंत तर केस राहत नाही. तिथे पर्याय दोनच, परवानगी घेऊन उघड लिहा नाहीतर तो भाग गाळा. आणि काय धूसर केलं ते प्रकारासह सांगा, "ओळख लपवण्यासाठी मालाचा प्रकार आणि जागा बदलली आहे" असं.

तिसरी_पिढी

अवतरणांचं काय?

निवृत्त_मास्तर

घरातल्याने घरातल्याबद्दल बोललेलं अवतरण पेढीच्या नावावर टाकायचं नाही. "एका पेढीतल्या ज्येष्ठ भागीदाराच्या मते" एवढंच, 'अ-ब-क' खूणही नको. पुराव्याची साखळी तुमच्या खासगी फाइलमध्ये शाबूत ठेवा, गाईडना आणि परीक्षकांना हवी तर दाखवा. छापील पानावर ती थोडी तुटली तरी चालेल.

दुसरा_परीक्षक

इथे मी मास्तरांशी पूर्ण सहमत नाही. साखळी छापील पानावर तुटली की वाचकाला एकाच बोलक्या माणसाची दहा अवतरणं दहा माणसांची वाटू शकतात. निदान पद्धतीच्या प्रकरणात लिहा की कोणत्याही एका व्यक्तीची किती अवतरणं जास्तीत जास्त वापरली आहेत.

निवृत्त_मास्तर

मान्य. घेतलं.

एमबीए_बाबू

एवढं कशाला? हार्वर्डच्या केस बघा ना. मालक खिडकीतून बाहेर बघत विचार करतोय, पुढे काय करू? मस्त वाचायला. कंपनीचे आकडेही बदललेले असतात, कोणाचं काही बिघडत नाही.

दुसरा_परीक्षक

त्या वर्गात शिकवायच्या केस. १९२१ च्या जनरल शू कंपनीपासून चालत आलेली परंपरा आहे, चर्चा घडवणं हा हेतू. निर्णयाच्या तोंडाशी आणून सोडायचं, निष्कर्ष द्यायचा नाही. सोयीसाठी आकडे बदलणं तिथे चालतं. संशोधनाच्या केसमध्ये यातलं काहीच चालत नाही. मैना यांनी खिडकीत कोणाला उभं करू नये ही विनंती.

एमबीए_बाबू

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मुलुंडची_मैना

आता शेवटची शंका, मग लिहायला बसते. मुलाखती गुजराती, हिंदी, मराठी अशा मिसळून झाल्या. दोघांनी रेकॉर्डिंगला नाही म्हटलं. प्रबंध इंग्रजीत. आणि माझ्याकडे जिओयांची ती तीन खांबांची आकृती तयार आहे, डावीकडे माणसांचे शब्द, उजवीकडे माझ्या संकल्पना, डावीकडून उजवीकडे रेषा जाणारी. ती टाकली की पुरावा दिसतो ना? मुलाखती विसेक आहेत, 'बारा पुरतात' असं वाचलंय.

दुसरा_परीक्षक

आकृती टाका, पण आकृती म्हणजे पुरावा नाही. खांबांतली वाक्यं कुठून आली हे मजकुरात दिसलं पाहिजे. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या लेखात ती आकृती असते आणि उजवा खांब आधी ठरवून डावा त्याबरहुकूम भरला असं वाटत राहतं. मायकेल प्रॅट यांनी २००९ मध्ये संपादकाच्या भूमिकेतून लिहिलं होतं की गुणात्मक लेखनाला एकच ठरीव साचा नाही, आणि दोन दुखणी सांगितली होती: नुसतं सांगणं, पुरावा न दाखवणं; आणि नुसती अवतरणं ओतणं, त्यांचा अर्थ न सांगणं. आपल्याकडचे प्रबंध दुसऱ्याने जास्त आजारी. ताकदीची अवतरणं मजकुरात, आधाराची तक्त्यात.

'बारा पुरतात' हे गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचं २००६ चं. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखतींवरचं काम. माणसं बरीचशी एकसारखी होती, प्रश्नही ठरलेले. थोरला भागीदार, नातू आणि मुनीम यांना ते कसं लावणार? आकडा उसना घेऊ नका. नवीन काही मिळेनासं झालं ते कोणत्या मुलाखतीपासून आणि कशाबद्दल, ते लिहा.

भाषेचं सोपं आहे. कोणती मुलाखत कोणत्या भाषेत, भाषांतर कोणी केलं, ते लिहा. ज्या अवतरणांवर निष्कर्ष टेकलाय ती मूळ भाषेत परिशिष्टात द्या, आणि तेवढी तरी दुसऱ्या कोणाकडून उलट भाषांतर (इंग्रजीतून परत मूळ भाषेत) करून ताडून घ्या. ब्रिसलिन यांची १९७० ची जुनी युक्ती आहे, अजून चालते. रेकॉर्डिंग नसलेल्या दोन मुलाखतींतलं काहीही अवतरणचिन्हांत नको. टिपणं त्याच दिवशी लिहिली असतील तर तसं नमूद करा.

खाऊगल्ली

पद्धतीचं प्रकरण दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका हेही सांगा कोणीतरी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, पण 'यिन यांच्या मते केस स्टडी म्हणजे' या परिच्छेदानेच अर्धं भरतं.

मुलुंडची_मैना

निवडीचा परिच्छेद नव्याने लिहिला आहे. प्रबंधात इंग्रजीत जाईल, इथे मराठीत टाकते. फाडा.

"या अभ्यासात केस म्हणजे उधारी किंवा खरेदीचा असा निर्णय, ज्यात दोन पिढ्यांचा सहभाग होता. असे निर्णय तीन पेढ्यांतून घेतले. पेढी निवडताना तीन निकष होते: स्थापना पहिल्या पिढीने केलेली असावी, तिसऱ्या पिढीतला किमान एक सदस्य रोजच्या कामात असावा, आणि मागची पिढी हयात व मुलाखतीस तयार असावी. तिन्ही पेढ्यांत समान निकाल अपेक्षित होता. पहिल्या पेढीत प्रवेश कौटुंबिक ओळखीतून मिळाला, दुसरीत त्या पेढीच्या शिफारशीवरून, तिसरीत व्यापारी संघटनेमार्फत. पहिल्या दोन ठिकाणी कुटुंबांतर्गत मतभेदांबद्दल बोलताना संकोच जाणवला. त्या मुद्द्यावरचे निष्कर्ष प्रामुख्याने तिसऱ्या पेढीवर आधारलेले आहेत. दोन पेढ्या भागीदारीत असल्याने त्यांच्या उलाढालीच्या आकड्यांना सार्वजनिक नोंदींचा आधार नाही. ओळख लपवण्यासाठी मालाचा प्रकार व जागा सामान्य शब्दांत दिली आहे."

तिसरी_पिढी

आमच्या वेळी असं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. छापण्याआधी तो भाग पेढीवाल्यांना दाखवणार ना?

निवृत्त_मास्तर

दाखवा. यिन यांचाही सल्ला तोच, मसुदा मुख्य माहितीदारांना वाचू द्या. तथ्य चुकलं असेल तर दुरुस्त करा. अर्थ पटला नाही तर तुमचा अर्थ तसाच ठेवा आणि त्यांचा मतभेद तळटीपेत द्या. कोणाला दाखवायचं हे मात्र विचार करून ठरवा, थोरल्याला दाखवाल तर नातवाची अवतरणं आधी तपासा.

दुसरा_परीक्षक

परिच्छेद चांगला आहे. नाही म्हणणाऱ्यांचं वाक्य अजून नाही.

मुलुंडची_मैना

जोडलं: "आणखी दोन पेढ्यांशी संपर्क केला होता. एकीने वह्या दाखवण्यास नकार दिला; दुसरीत पहिल्या भेटीनंतर थोरल्या भागीदाराने संमती मागे घेतली, त्या भेटीतील माहिती वापरलेली नाही. दोन्ही ठिकाणी गादीबदलाचा वाद सुरू होता, त्यामुळे हा अभ्यास तुलनेने सलोख्याने बदल झालेल्या पेढ्यांकडे झुकलेला असण्याची शक्यता आहे."

दुसरा_परीक्षक

हे शेवटचं वाक्य मर्यादांच्या प्रकरणातही घ्या, आणि शीर्षकात 'तीन पेढ्या' घालायचं विसरू नका.